आक्कांचा निखारा

त्या रहाटाचा आवाज मला अजून ऐकू येतो. रिकामी घागर खाली जाताना तो खडखडायचा. भरलेली वर येताना कण्हायचा.

लढाई संपून वर्ष झालं होतं. सांगलीजवळ चंदनबाला आक्कांच्या मळ्यात मी कामाला होतो. त्यांचा एकुलता मुलगा अण्णाप्पा लष्करात मोटार चालवायला गेला, तो ब्रह्मदेशात बेपत्ता झाला.

आणि एका दुपारी तो दारात उभा राहिला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. बैलांची नावं त्याने बरोबर सांगितली. सून पद्मा उंबऱ्यात रडत होती. आक्कांनी तिला बजावलं, मी सांगेपर्यंत त्याच्याजवळ जायचं नाही.

आक्कांचं माहेर अथणीचं. लेकाशी त्या कानडीत बोलायच्या, बाकी सारं गाव मराठीत. आलेला माणूस दोन्ही भाषा सफाईने बोलत होता.

“मग संशय कसला, आक्का?” मी विचारलं.

“बोलतोय, व्हय. पर माझ्या लेकाला ठेच लागली की त्यो यव्वा म्हणायचा, आई गं न्हाई. आतली भाषा कोणती, ते दुखल्यावरच कळतं, कृष्णात.”

जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची. पद्मावहिनींनी त्याचंही ताट मांडलं. तो विहिरीवर पाणी गाळत होता. गाळून झाल्यावर फडक्यातले बारीक जीव पुन्हा विहिरीत सोडायची त्या घरची रीत. तीही तो अगदी अण्णाप्पासारखी करत होता. मी निर्धास्त झालो.

आक्का चिमट्यात निखारा घेऊन आल्या, शेजारी विस्तव द्यायला निघाल्यासारख्या. जाता जाता त्यांनी तो त्याच्या कोपराला टेकवला.

कातडं जळाल्याचा वास आला. तो हलला नाही, की हूं म्हणाला नाही.

“यव्वा...”

आवाज विहिरीतून आला. अण्णाप्पाबरोबर मी लहानाचा मोठा झालो. तो आवाज त्याचाच होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मी वाकून पाहिलं. खाली पाणी शांत, घागर तरंगत होती. आक्कांच्या हातून चिमटा गळला. कठड्यावर ओणवून त्या हळूच म्हणाल्या, “बा, मगा...” ये, लेकरा.

घागर बुडाली. दोर ताणला गेला. रहाटाला कुणाचा हात नव्हता, तरी तो कण्हू लागला. पद्मावहिनी ताटं तशीच टाकून धावत आल्या.

त्या माणसाने फडकं पिळून कठड्यावर नीट पसरलं. कोपरावर डागसुद्धा नव्हता. एकवार त्याने विहिरीत पाहिलं आणि तो नदीच्या वाटेने निघून गेला.