फळीपाशी ठेवलेल्या वहाणा

नाखवा शाहीनचं प्रेत कुवेतच्या धक्क्याखाली, ओहोटीनं उघड्या पडलेल्या दगडांवर सापडलं. डोकं फुटलेलं. अंगावर त्याच्याच गलबताची चढउताराची फळी कोसळलेली. वर धक्क्यावर त्याच्या वहाणा जोडून ठेवलेल्या होत्या.

संध्याकाळच्या नमाजेत असताना फळी पडल्याचा आवाज सगळ्या मशिदीनं ऐकला होता. नाखवा उतरताना फळी निसटली, यात कुणालाच शंका नव्हती. गलबताकडची गाठ सुटलेली होती आणि ती बांधणं खलाशी सरूरचं काम. शाहीनचा धाकटा भाऊ याकूब छाती बडवून सरूरचा जीव मागत होता, आणि जमाव तो द्यायला तयार होता.

सरूरच्या बायकोनं दुऐजचे पाय धरले. दुऐज चोऱ्या-खुनांचा छडा लावून देई. मागे सावलीसारखा मेहुणा खलफ.

सकाळी फळी पुन्हा लागली. रिवाजाप्रमाणे वहाणा खाली काढून दोघं वर गेले, आणि खलफ धाडकन आपटला. बांधून ठेवलेला सरूर म्हणाला, "जपून. काल दुपारी पायाखालच्या सगळ्या तक्तपोशीला माशाचं तेल पाजलंय."

खलफचे तळवे काळे झाले. वाळूनं घासले तरी निघेनात. शिव्या घालतच तो उतरला.

कॉफीवाल्यानं नमाजेआधी वहाणा पाहिल्या होत्या. "वहाणा फळीपाशी म्हणजे माणूस गलबतावर. यात विचारायचं काय?"

याकूब म्हणाला, "मी मशिदीत निघालो तेव्हा दादा सुकाणूपाशी उभा होता. मी हाक मारली, त्यानं हात केला."

"काल तू गलबतावर चढला होतास?" दुऐजनं विचारलं.

"नाही. पाऊलसुद्धा ठेवलं नाही."

मग दुऐजनं खलफला प्रेत बघायला धाडलं. खलफ नाक मुरडत परतला. "अंघोळ अजून घातली नाही, दाजी. तोंडावर रक्त वाळलंय. तळवे मात्र माझ्यापेक्षा स्वच्छ."

"शाब्बास. खुनी सापडला."

खलफला काही कळलं नाही.

दुपारी शाहीनच्या अंगणात सगळे जमले. दुऐजनं खलफला पाय वर करायला लावले. खलफला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हा घटकाभर गलबतावर होता," दुऐज म्हणाला. "शाहीन तिथं उभा असता, तर त्याचेही तळवे असेच असते. तेल पाजल्यावर तो वर चढलाच नाही. त्याला धक्क्यावर मारून खाली टाकलं आणि वहाणा फळीपाशी मांडल्या. वहाणा दिसल्या की आपण वर बघतसुद्धा नाही."

"पण आवाज नमाजेत झाला," कॉफीवाला म्हणाला.

"धक्क्याकडचं टोक आपण कधीच बांधत नाही, भरती-ओहोटीबरोबर ते सरकावं लागतं. गलबताकडची गाठ कुणी फळीवरूनच हात लांबवून सोडली. ओहोटीनं गलबत खाली गेलं, फळी आपोआप सुटली. तोवर खुनी मशिदीत पहिल्या रांगेत उभा होता." तो वळला. "याकूब, मेलेल्या माणसानं तुला हात कसा केला?"

याकूब सरूरवर ओरडला. "तेल कशाला पाजलंस? दादा तर गलबत विकणार होता. माझ्या बापाचं गलबत."

सरूर पहिल्यांदाच नीट बोलला. "विकायच्या गलबताला तेल कोण पाजतं? नाखवानं काल सकाळीच सौदा मोडला. यंदाच्या सफरीला तुला नाखवा करून पाठवणार होता. संध्याकाळी सांगतो म्हणाला होता."

याकूबनं स्वतःच हात पुढे केले. लोकांनी सरूरचे हात सोडले आणि त्याच दोरीनं याकूबचे बांधले. शाहीनच्या वहाणा अजून धक्क्यावरच होत्या. त्या उचलायला घरात आता कुणी पुरुष उरला नव्हता.