चौथा किरण

भडगावहून पहिल्या एसटीने कमलबाई जळगावला आल्या, त्या फक्त लेकाला कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायला. योगेंद्रच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी दिल्लीचे प्राध्यापक आले होते. तो त्यांना काचेची कुपी दाखवत होता. आत रुबिडियमचे अणू, कल्पना करवणार नाही इतके गार करून जागच्या जागी थोपवलेले. त्यांच्यावर तीन किरण सोडले की चौथा आपोआप जन्मतो, आणि तिसरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने उलटा परततो. पडद्यावर त्याचा ठिपका चमकत होता.

"मंग हाऊ चौथा कथाईन उना?" दारातून कमलबाईंनी विचारलं. चपला मातीने भरलेल्या, हातात फडक्यात बांधलेला डबा.

चौथा कुठून आला, या प्रश्नावर प्राध्यापक हसले. "या कोण?"

"शेजारच्या आहेत," योगेंद्र म्हणाला. "गावाकडच्या."

कमलबाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि त्या निघून गेल्या.

योगेंद्रच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात प्राध्यापकांनी तिसऱ्या किरणापुढे पुठ्ठा धरला. आता ठिपका विझायला हवा होता. विझला नाही. योगेंद्रने एकेक करून सगळे लेसर बंद केले. यंत्रांची गुणगुण थांबली. ठिपका पडद्यावर तसाच... काही गेलेलं नसताना काहीतरी परत येत होतं.

दिवेलागणीला तो मोटारसायकलवरून भडगावला पोचला. पाय धरायचे, एवढंच वाटभर मनात होतं.

कमलबाईंनी दार उघडलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. परक्याला देतात तसा.

"माय, मनी चूक व्हयनी..."

"तू कोन शेस भाऊ?"

आवाजात राग नव्हता. डोळ्यांत ओळखही नव्हती. त्याने हळूच नाव सांगितलं, तशा त्या कळवळल्या. "अरे, तू कुंदाबाईना पोऱ्या! तुनं घर बाजूले शे. ती वाट देखी राहिनी."

कुंदाबाईला गेल्या उन्हाळ्यात त्यानेच खांदा दिला होता. घराला तेव्हापासून कुलूप.

दुसऱ्यांदा माय म्हणायला त्याची जीभ उचलेना. कोणत्या तोंडाने म्हणणार? मान खाली घालून तो ओट्यावरून उतरला.

शेजारचं दार सताड उघडं होतं. आत चूल पेटलेली, गोवऱ्यांचा धूर... धुरातून बांगड्या किणकिणल्या.

"योगू... इतला उशीर कसा करा रे, बेटा?"

आवाज हुबेहूब मायचा होता. आणि त्याच वेळी, मागे, कमलबाईंच्या दाराला आतून कडी लागली.