हालस्टाइनचं इंजिन

मोबाईल उलटे ठेवा आधी. एस्किल, तुझासुद्धा. कॉफी घ्या, हवी तेवढी आहे. फक्त टेबलावरचं कापड ओढू नका, सांगून ठेवतो. एकदा माझं डोकं फिरलं की गोष्टही नाही नि कॉफीही नाही.

ही लाइडुल्फची गोष्ट. बोटींचा मिस्त्री, गेल्या वर्षी गेला तो. तुम्ही म्हणाल, म्हातारा तिखटमीठ लावतोय. मी लावत असेन, पण लाइडुल्फ त्यातला नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने पकडलेला मासासुद्धा कधी मोठा करून सांगितला नाही.

साल दोन हजार एकोणीस, चोवीस नोव्हेंबर, रविवार. त्या दिवसांत आपल्याकडे भर दुपारी काळोख पडतो, ते तुम्हाला मी काय सांगणार! सकाळी एन्द्रेने त्याला बोटीच्या शेडमध्ये बोलावलं. एन्द्रेच्या बापाची, हालस्टाइनची बोट तिथे ताडपत्रीखाली कित्येक वर्षं सडत पडली होती. हालस्टाइन त्या बोटीतच मेला. इंजिन चालू करायला हँडल मारताना त्याने उलटा झटका दिला आणि लोखंडी हँडल कपाळात बसलं, असं सगळं बेट धरून चाललं होतं. प्रेत सापडलं ते त्याच्या धाकट्या भावाला, मोन्सला. बोट दोघा भावांची होती. नंतर ताडपत्री बांधली तीही मोन्सनेच, आणि कुणाला हात लावू दिला नाही.

एन्द्रेला हिवाळ्यात मासेमारीला ती बोट काढायची होती.

"काका म्हणतो, इंजिन काढ, समुद्रात ढकल आणि नवं बसव," तो म्हणाला. "आईचंही तेच. तिला तो आवाज परत ऐकायचा नाही."

तो आवाज बेटावर कोण ओळखत नव्हतं! तीन ठोके आणि चौथा गाळायचं ते इंजिन. ठुक्, ठुक्, ठुक्... आणि गप्प. खाडीच्या तोंडाशी तो आवाज आला की एन्द्रेची आई बटाटे चुलीवर चढवायची.

"लाइडुल्फदादा, तू एवढंच सांग," एन्द्रे म्हणाला. "ह्यानेच मारलं का बाबांना? मारलं असेल तर आजच बुडवतो. नसेल, तर काय वाटेल ते विकेन, पण दुरुस्त करेन."

मोन्स दारात टेकून उभा होता. "भंगाराचा कसला निवाडा करतोस रे? वकील देणार का त्याला?" आणि हसला.

लाइडुल्फने वरचं झाकण खोललं, पिस्टन ओढून बाहेर काढला. गंज होता, पण जीव होता अजून. मग डिझेलच्या नळीपाशी त्याचा हात थांबला. नळीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली होती आणि तिला निळा लोकरीचा धागा गुंडाळलेला. ही हालस्टाइनची खोड. एखादा भाग दुरुस्तीला काढला की तो असाच नळी बंद करायचा, स्वतःच्या स्वेटरचा धागा तोडून.

"ताडपत्री मधल्या काळात कुणी सोडली होती?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. आज पहिल्यांदा."

"मग त्या दिवशी इंजिन बंदच होतं की," लाइडुल्फ बोलून गेला. "डिझेलच पोचत नव्हतं. चालू होऊच शकत नाही, ते झटका कुठून देणार?"

बोलताना त्याने दाराकडे पाहिलं नाही, तिथेच चुकलं. पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

पिस्टन तो घरी घेऊन आला. बाहेर पाणी गोठत होतं, म्हणून स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ठेवला. रात्री आठच्या सुमारास एन्द्रे आला. पिस्टनकडे बघत बसला.

"दादा, इंजिनाने नाही मारलं, तर मग..."



तेवढ्यात शेडकडून घणाचे घाव ऐकू आले.

दोघे धावले. बोटीत मोन्स. हातात मोठा घण. इंजिनावर घाव घालत होता, नळ्या तुटून लोंबत होत्या.

"काका!" एन्द्रेने बोटीत उडी घेतली. "बाबांना काय केलंस? बोल!"

"नवं घेऊ म्हणालो होतो!" मोन्स किंचाळला. "हात जोडले रे त्याच्यापुढे! ऐकेल तर शपथ! खुंट्या ठोकत बसला... माझी बोट नव्हती का ती? मग मी हँडल उचललं..."

एन्द्रे त्याच्या अंगावर गेला. घण फिरला. खांद्याचं हाड मोडलं, तो आवाज लाइडुल्फने दारातून ऐकला. पोरगा तळात कोसळला. मोन्सने त्याच्या छातीवर पाय दिला. घण डोक्यावर उचलला. लाइडुल्फ ओरडला, पण तो लांब होता. फार लांब.

ठुक्.

मोन्स थांबला.

ठुक्... ठुक्...

आणि गप्प.

लाइडुल्फच्या हातात बॅटरी होती. त्याने इंजिनावर उजेड टाकला. झाकण नाही. पिस्टन नाही. आत नुसतं काळं भोक. आणि हँडल लावलेलं चाक फिरत होतं...

हँडल चाकाबरोबर आलं. मोन्सच्या कोपरावर बसलं. हात उलटा वळला. घण पडला. बाही हँडलात अडकली. चाकाने त्याला खाली ओढलं. हँडल परत आलं. जबड्यावर. परत आलं... "हालस्टाइन, नको!" एवढंच ऐकू आलं.

मग कपाळावर.

मग काही नाही.

मोन्स तिथेच संपला. पाय घसरून पडला, असं पोलिसांनी लिहिलं. लाइडुल्फने वाद घातला नाही. सांगून कुणाला पटलं असतं?

एन्द्रेला बोटीने दवाखान्यात पोचवून तो पहाटे घरी आला. घरभर जळक्या तेलाचा वास. टेबलावरच्या वर्तमानपत्राची राख झाली होती. गोठलेल्या घरात पिस्टन तापून लाल झाला होता आणि लाकडात बोटभर रुतला होता.

एन्द्रेने तेच इंजिन दुरुस्त केलं, तोच पिस्टन घालून. पहिल्या दिवशी तो खाडीत शिरला, तीन ठोके पडले नि चौथा गळला, तेव्हा त्याची आई रडली. मग उठून तिने बटाटे चढवले.

लाइडुल्फ गेल्यावर त्याची बहीण ते टेबल जाळायला निघाली होती. मी म्हटलं, जाळू नकोस बाई, मी नेतो.

हं. कप उचला सगळ्यांनी.

एस्किल, आता ओढ ते कापड.