नळीतला श्वास

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे जिच्यावर गुदरलं ती माझी सख्खी थोरली बहीण आहे. तिला ऊठसूट थापा मारायची सवय नाही. मारते त्या कामापुरत्या.

ताई प्लास्टिकच्या प्रयोगशाळेत आहे. प्लास्टिक विरघळवायचं, ते द्रावण काचेच्या बारीक नळीतून खाली सोडायचं, वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला लागणारा वेळ मोजायचा. रेणू जितका जड, तितकं ते रेंगाळत उतरतं. त्यावरून रेणूचं वजन काढतात.

तिथल्या प्रमुख बाईंना दमा होता. कुठलीही मोजणी दाखवा, त्या धापा टाकत म्हणायच्या, "पुन्हा घ्या."

ताई त्यांची नक्कल झकास करायची. धापांसकट.

बाईंच्या खुर्चीवर तिचा कधीचा डोळा होता.

एका दुपारी तिने बाईंचा दम्याचा पंप कपाटावर नेऊन ठेवला. गंमत म्हणून.

"बघू, म्हातारी उडी मारते का."

बाईंनी उडी मारली नाही. नळीसमोरच्या स्टुलावरच त्या गेल्या. पंप गुपचूप बाईंच्या पर्समध्ये परतला. खुर्ची ताईला मिळाली. हे तिनेच मला सांगितलं, तेही हसत.

पहिल्याच दिवशी ती त्या नळीसमोर बसली. रबरी फुग्याने द्रावण वर ओढलं. फुगा काढून घेतला.

द्रावण उतरलं...

आणि आपोआप वर चढलं.

फुगा तिच्या हातातच होता.

खाली... वर... खाली... सोबत बारीक शिटी. दम्याची असते तशी.

मग तिच्या लक्षात आलं. द्रावण चढलं की तिची छाती भरत होती. उतरलं की रिकामी.

ते वरच्या खुणेवर थांबलं.

तिचा श्वासही.

ओठ निळे पडले, तेव्हा कुठे सुटलं. कानाशी कुणीतरी धापा टाकत म्हणालं...

"पुन्हा घ्या."

डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं ठणठणीत आहेत.

"नोकरी सोड," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? आत्ता कुठे खुर्ची मिळालीय. नळी कपाटात कोंडलीय मी."

काल सुट्टी होती. प्रयोगशाळा बंद, कपाटाची किल्ली आमच्या टेबलावर. ताई जेवता जेवता शेजारणीची नक्कल करत होती...

मध्येच थांबली.

छाती फुगलेली. डोळे माझ्यावर.

श्वास खाली येईना.

किती तरी वेळाने सुटला. घाम पुसायच्या आधी ताईने घड्याळ पाहिलं.

"परवापेक्षा जास्त वेळ," ती म्हणाली.

मीही मोजत होतो.