बाहेरची सही

बसा ना. तुमची मार्गवही तयार आहे, फक्त शिवायची राहिलीय. वीज गेलीय म्हणून हा दिवा. दहा मिनिटं लागतील, तोवर एक सांगते. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका, कारण तुम्हीही त्याच बाजूला निघालायत.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. छपरावर तंबू असलेल्या गाड्या लोक आमच्याकडून भाड्याने नेतात आणि स्वतः चालवत वाळवंटात जनावरं बघायला जातात. मार्गवही त्यांना मी करून देते. टायरची हवा कुठे कमी करायची, कोणत्या कोरड्या नदीत गाडी घालायची नाही, शेवटचा पंप कुठला, पाणी माणशी रोज पाच लिटर... सतरा वर्षं हेच. ऑफिसात मला मागून हेडमास्तरीण म्हणतात. म्हणेनात का! माझी वही घेऊन गेलेलं एकही माणूस आजवर हरवलेलं नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात एकच वाक्य असतं. ‘बाहेरची सही केल्याशिवाय फाटक सोडू नका.’ त्या राखीव वाळवंटाला एकच फाटक आहे. तिथल्या नोंदवहीत आत जाताना सही करायची, बाहेर पडताना दुसरी. बाहेरची सही नसेल तर माणूस आतच आहे असं धरतात. या सहीवरून मी लोकांचं इतकं डोकं खाते की काही जण माझी नक्कल करतात.

या खेपेची वही मात्र घरच्यांसाठी होती. माझी एकुलती एक लेक. पायाला चाकं लावून जन्मली, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. लग्नाला सहा महिने झालेले. तिला आणि जावयांना स्वतः गाडी चालवत वाळवंट बघायचं होतं. दीड महिना आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा नव्हती, नुसते नकाशे.

"जास्तीचे टायर दोन," मी म्हणायची.

"एक."

"दोन."

"आई, आम्ही सुट्टीवर चाललोय, लढाईवर नाही!"

जावई हळूच म्हणाले, "दोनच घेऊ." शहाणं माणूस आहे.

राहायला मी त्यांच्यासाठी सहा नंबरचा तळ धरला होता. एकटं मोठं झाड, समोर पाणवठा. दिवसभर तिथे लांब शिंगांची हरणं येतात, शहामृगं येतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको तिथे चार दिवस राहिलो होतो. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तेच लेकीला मिळावं, एवढीच इच्छा.

निघायला आठ दिवस उरले होते. गुरुवार होता, भर दुपारची वेळ. माझ्या खुर्चीमागे नव्या टायरांची चळत असते, तिचा वास उन्हात फार चढतो. पंखा घरघरत होता. तळ पक्का करायला मी फाटकावर फोन लावला. फाटकवाला जुना माणूस, आवाजाने मला ओळखतो.

"सहा नंबर?" तो म्हणाला. "तो रिकामा नाही, बाई."

"मग कधी होतोय रिकामा?"

"ते तुम्हीच सांगा की."

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, नीट बघा. त्याने पानं उलटली आणि वाचून दाखवलं. पांढरी गाडी, तिचा नंबर, माणसं दोन. मग नावं वाचली. माझं आणि ह्यांचं.

मी आधी हसले, आणि मग कानशिलं तापली. आठवलं हो. आम्ही निघालो त्या दिवशी वाऱ्याने नुसती वाळू उठली होती. फाटक उघडं, फाटकवाला पत्रा बांधायला मागे गेलेला. गाडी मी चालवत होते. हे म्हणाले, "सही?" आणि मी म्हणाले, "आता कोण उतरतंय, चला!" सगळ्या जगाला शिकवणारी मी, आणि माझीच सही राहिली होती. लाजेने मेल्यासारखं झालं.

"दादा, चूक झाली. खोडून टाका ते."

"खोडू कसं? तुम्ही आत आहात ना."

"अहो, मी ऑफिसातून बोलतेय!"

"आता फोनवर कोण बोलतंय ते मला काय ठाऊक..." तो जरा वैतागूनच म्हणाला. "बाई दर गुरुवारी फाटकाशी पाणी घ्यायला येतात. मागच्या खेपेला कॅनचं झाकण ढिलं म्हणून अर्धा तास ऐकवलं मला. साहेब गाडीत नुसते बसून असतात. कितीदा म्हटलं, सही करा आणि निघा. बाई फाटकापर्यंत येतात, आणि तिथून परत फिरतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण आज खूश आहेत," तो म्हणाला. "मुलगी यायचीय म्हणाल्या."

"कोण... कोण म्हणालं?"

"बाईच. आहेत की समोर. देऊ फोन?"

मी नको म्हणायच्या आत त्याने फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. वारा ऐकू येत होता. पत्रा वाजत होता. मग कुणीतरी भरलेल्या कॅनवर थाप मारली. एक... दोन... तीन... बाईचा आवाज होता. आपला आवाज आपल्याला दुसरीकडून ऐकला की परका वाटतो, पण बोलायची तऱ्हा कशी परकी वाटेल? "चौथा कमी भरलाय," ती म्हणाली. "मला चालायचं नाही."

मी फोन आपटला. पंखा चालूच होता.

घरी ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं हसतील, उन्हात फिरलीस म्हणतील.

"मी म्हणालो होतो सही करू," हे एवढंच बोलले.

"आता त्याचं काय करायचं ते सांगा!"

"जाऊन करून येऊ."

"अहो, मी गेले आणि ती समोर आली, तर सही करायची कुणी?"

मला स्वतःची काळजी नव्हती, खरंच सांगते. ती जी कोण होती ती माझ्या लेकीची वाट बघत होती, आणि मी स्वतःच्या हाताने लेकीला तिच्या दारात पाठवत होते. डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही.

दोन दिवसांत मी आख्खी वही बदलली. राखीव वाळवंट वगळलं. उत्तरेकडून कोरड्या नदीचा रस्ता धरून दिला, म्हणजे फाटकाचा संबंधच नको. भिंगरीला सांगितलं, तळ भरलाय. तिने तोंड फुगवलं, मला चार शब्द सुनावले, पण ऐकलं. ती दोघं निघाली, पहिल्या तीन दिवसांचे फोन वेळेवर आले आणि माझा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी दुपारी उपग्रहावरचा फोन आला. आवाज तुटत होता, पण स्वारी भलतीच खूश.

"आई, वरती कुठेतरी पाऊस झालाय, तुझ्या नदीला पाणी आलंय! रस्ता बंद. मग आम्ही सरळ फाटकातून आत आलो. कसली हरणं आहेत गं! तू उगाच..."

"कुठे आहात?" मी विचारलं.

"सहा नंबरच्या तळाशी पोचतोच आहोत. खरंच भरलाय बघ. पांढरी गाडी आहे. एक बाई हात करतेय आम्हाला... आई... अगं, ती अगदी..."

"गाडी वळवायला सांग!"

"काय झालं?"

"भिंगरे, वळव म्हणते ना! बघू नकोस तिकडे. कुणाशी बोलायचं नाही, कुठे थांबायचं नाही, फाटकावरसुद्धा नाही. सरळ बाहेर पडा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!"

ऑफिसातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. पलीकडे जावयांचा आवाज आला, गाडीचे गिअर कुरकुरले आणि फोन तुटला.

पुढचे तीन तास कसे गेले ते विचारू नका. मी नकाशा समोर घेऊन बसले होते. इथवर आली असेल, आता इथवर, असं बोटाने एकेक मैल मोजत होते. कुणी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. मग पहिल्या पंपावरून फोन आला.

"आलो बाहेर. झालं समाधान?" भिंगरी चिडली होती. तिच्या त्या चिडक्या आवाजावरून मी आयुष्य ओवाळून टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं थेट आमच्याकडेच आली. केसांत वाळू, नाक उन्हाने सोललेलं. मी तिला दारातच मिठी मारली, ती "अगं सोड, घाम आहे" म्हणाली. जेवताना वडिलांशी भांडली, नवऱ्याची टिंगल केली, दोनदा वाढून घेतलं. माझीच लेक, तसूभर फरक नाही. मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते.

ताटं उचलताना सवयीने विचारून गेले, "फाटकावर सही केलीत ना?"

तिने माझ्याकडे चमकून बघितलं. "तूच म्हणालीस ना, फाटकावर थांबायचं नाही? फाटकवाला हात करत होता, ओरडत होता. तू शपथ घातलीस म्हणून नाही थांबलो."

हातातलं ताट मी खाली ठेवलं. हे माझ्याकडे बघत होते. लेक समोर उभी होती, धडधाकट. म्हटलं, आपल्या मनाचे खेळ आहेत. दुसऱ्या दिवशी जावई कामावर गेले, पण भिंगरी म्हणाली, थोडे दिवस इथेच राहते. मला बरंच वाटलं.

मागच्या गुरुवारी मी घरी होते. दुपारची वेळ, भिंगरी आत चहा करत होती. भांड्यांचा आवाज येत होता, आल्याचा वास सुटला होता. फोन वाजला. सतरा वर्षांत फाटकवाल्याने आपणहून मला कधी फोन केला नव्हता.

"बाई," तो अगदी हळू बोलत होता, "सहा नंबरचंच बोलायचं होतं. तुमच्या मुलीचं..."

"ती इथे आहे," मी म्हणाले. "माझ्या घरी आहे. चहा करतेय."

पलीकडून वारा ऐकू येत होता.

"इथे एक पोरगी आहे, बाई. तिचा नवरा गाडीतून उतरतच नाही. ती सारखी फाटकाशी येते. घरी जायचंय म्हणते, आणि फाटकातून पाय टाकायला गेली की परत फिरते. कुणाला तरी हाका मारून मारून आवाज बसलाय तिचा. बघवत नाही हो..."

आता काही खरं-खोटं करायचं राहिलं नव्हतं. माझं लेकरू तिथे होतं आणि ते मीच तिथे अडकवून ठेवलं होतं, शपथ घालून.

"मी येते," मी म्हणाले. "आत्ता निघते. तिला सांगा, रडू नकोस, आई येतेय म्हणावं."

"तुम्ही कशाला?" त्याला खरंच नवल वाटलं. "आज सकाळपासून शांत आहे ती. मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. आई आहे ना तिच्याजवळ."

फोन बंद झाला. मी तशीच उभी होते. आतून भिंगरी आली, कप माझ्या समोर ठेवला, पदराला हात पुसावेत तसे ओढणीला पुसले. कुणाचा फोन, असं तिने विचारलंच नाही.

"थांबली का रडायची ती?" म्हणाली.