खोडलेला आड

हे खरं घडलेलं आहे. पटत नसेल तर पान उलटा. मी कुणाच्या विनवण्या करणार नाही.

तारीख १८ मे २००६. दुपारची पावणेदोनची वेळ. जागा खराडी, एका आयटी कंपनीच्या तळघरातलं पार्किंग.

भुतं अमावस्येला वडावरच भेटतात असं मानणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मी वीस वर्षं एका साप्ताहिकात पुण्याजवळच्या गावांचा इतिहास लिहीत होतो. २००१ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. लेखन बंद. पाच वर्षांनी डाव्या हातानं गिरवण्याइतपत जमायला लागलं, तेव्हा संपादक पद्मजाबाईंना कळवलं की पुन्हा सुरू करतो. पहिला लेख खराडीवर.

जुनी टिपणं काढली. एका पानावर लाल शाईची काट होती.

ती नागोरावांची हकीकत. वस्तीतले वृद्ध बौद्ध गृहस्थ. म्हणाले होते, "दीक्षा घेतली आन् पुढल्या उन्हाळ्यात आमी आमचा आड खणला. गावच्या हिरीवर कोण भरू देतंय?"

"कागद आहे काही?" मी विचारलं होतं.

"पाण्याला कागद कशाला लागतोय, साहेब? आमी पीत व्हतो की."

मी तिथल्या तिथे काट मारली. कागद नाही, म्हणजे आड नाही. असा आमचा बाणा. माझ्या आजारपणात नागोराव वारले.

नागोरावांनी आडाची जी जागा सांगितली होती, त्याच जागेवरच्या कंपनीत माझा भाचा सौमित्र. "मामा, विहीर वगैरे काही नव्हतं इथे. एकदम क्लीन प्लॉट होता." नोकरीला लागून तीन वर्षं झालेला मुलगा मला इतिहास शिकवत होता. आणि मी अतिशहाणा तेच लिहिणार होतो.

त्या दुपारी जागा पाहून झाल्यावर सौमित्र गाडी काढायला गेला. मी तळघरात खांबाला टेकून वही उघडली. 'आडाचा पुरावा आढळत नाही' एवढं लिहिलं...

कुर्र... कुर्र...

रहाटाचा आवाज. आजोळी रोज ऐकलेला.

खाली सिमेंट. वर सिमेंट.

एसी असेल, मी मनाशी म्हटलं. शिकलेल्या माणसाला मूर्खपणा करायलाही कारण लागतं.

मग सगळंच थांबलं. गाड्या, पंखे, वरचा रस्ता... काहीच ऐकू येईना.

आणि माझ्या उजव्या हाताला गार लागलं.

पाच वर्षांत सुई टोचलेली ज्याला कळली नव्हती, त्या हाताला.

तळवा आपोआप वळला होता. त्यात पाण्याची धार पडत होती... वरून. हात लागू नये इतक्या उंचावरून. आमच्या आजोळी वस्तीतली माणसं आली की त्यांना असंच पाणी घालत.

मी वर पाहिलं. छत कोरडं होतं.

आधी लाज वाटली. भीती नंतर.

"मामा, बाटली सांडली का?" सौमित्र परत येऊन विचारत होता. बाटली गाडीत होती.

घरी येऊन लिहिलं, आड होता. नागोरावांनी सांगितलं म्हणून होता. पद्मजाबाईंनी छापलं. नागोरावांच्या मुलीचा, शालनताईंचा फोन आला. "बाबा असताना लिहिलं असतं तर..." एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वाटलं, सुटलो.

हात अजूनही दुपारी ओला होतो. आता मी रोज त्या पाण्याची चव घेतो. परवा गोड होतं, काल मचूळ लागलं. पाणी एका जागचं नाही.

वीस वर्षांत 'कागद आणा' म्हणून मी किती जणांना परत पाठवलं, मला आठवत नाही. त्यांतले बहुतेक आता हयात नसतील.