वीतभर वायर

हे खरं घडलंय. पटत नसेल तर कमेंटमध्ये खुशाल हसा, माझी ना नाही. मी नेटवर्क इंजिनिअर आहे. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही मी कुणाला घाबरायला तयार नाही.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती.

झाशीतली जूनमधली भर दुपार होती. बाहेर लू चालली होती, अंग भाजून काढणारा वारा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगते. माझे बाबा, मधुसूदन, सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. बबीना रोडवरच्या आमच्या घरात आई एकटीच राहायची. मी पुण्यात नोकरीला.

एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंचा फोन आला. "रेवती बिटिया, तुम घर आ जाओ."

आई त्यांना रस्त्यावर सापडली होती. भर उन्हात, अनवाणी, हातात टॅब. तळपायांना फोड आले होते आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं चालली असती तर वाचली नसती.

मी तशीच निघून आले आणि इथूनच काम करू लागले. आई धड सांगेना. कुणीतरी दुपारी टॅबवर फोन करतं आणि बाहेर बोलावतं, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"कोण करतं?"

"आपलंच माणूस," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

माझं डोकं फिरलं. एकट्या बायकांना फोनवर नादी लावणाऱ्या टोळ्या काय कमी आहेत? म्हटलं, माझ्या आईला कोण बोलावतं ते बघतेच. टॅब काढून घ्यायला गेले तर ती उसळली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

मग मी फायरवॉल आणली. नेटवरून घरात काय यावं आणि काय येऊ नये, हे ठरवणारा डबा. पण आईची अट होती. "ह्यांनी लावलेलं काही हलवायचं नाही." घरातल्या प्रत्येक यंत्राला बाबांनी स्वतः पत्ता नेमून दिला होता. टॅबला एक, प्रिंटरला एक, टीव्हीला एक. त्यातलं काही बदलायची सोय नव्हती.

त्यावर एक उपाय असतो. डबा नुसता मधे बसवायचा.

बाहेरची लाइन आणते ते मोडेम, आणि घरभर पसरवतं ते वायफाय. या दोघांमधली वायर तोडून मधे डबा जोडायचा. त्याचे दोन पाय. एक बाहेरचा, मोडेमकडे. एक आतला, घराकडे. डब्याला स्वतःचा पत्ताच द्यायचा नाही. म्हणजे तो कुणाला दिसत नाही. बाहेरच्याला नाही आणि आतल्यालाही नाही. जे जातं-येतं ते सगळं त्याच्या पोटातून जातं. तो बघतो. नियमात बसलं तर पुढे सोडतो. नाही बसलं तर गिळतो, आणि ब्रसुद्धा काढत नाही.

आणखी एक. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो. कोणता नंबर कोणत्या पायाकडून आला, हे डबा आपोआप ध्यानात ठेवतो. घरातली यंत्रं आतल्या पायावर. बाहेरच्या पायावर फक्त एकच, मोडेम. दुसरं कुणी असूच शकत नाही, कारण तिथे असते फक्त वीतभर वायर.

डबा बसवला. फोन बंद झाले.

आई मात्र दुपारी टॅब मांडीवर घेऊन बसून राही. जेवण अर्धं टाकायची. माझ्याशी बोलायची नाही.

आणि एका दुपारी मला बाहेरच्या पायावर दोन नंबर दिसले...

एक मोडेमचा.

दुसरा बाबांच्या लॅपटॉपचा.

मी उठून कपाट उघडलं. लॅपटॉप तिथेच होता, बाबांच्या शालीखाली, बॅटरी काढलेला. वर्षभर कुणी हात लावला नव्हता.

नंबराची नक्कल करता येते, हे मला ठाऊक आहे. म्हणून तो करतोय काय, ते पाहिलं. एखाद्या यंत्राला दुसरं शोधायचं असलं की ते सगळ्यांना ओरडून विचारतं, हा पत्ता कोणाकडे आहे, मला सांगा. तो नंबर तेच विचारत होता. पुन्हा पुन्हा. एकच पत्ता.

आईच्या टॅबचा.

डबा प्रत्येक प्रश्न गिळत होता.

मोडेममध्ये कुणी घुसलंय असं धरून मी ब्रॉडबँडवाल्या पियूष भैयाला बोलावलं. त्यानं नवं मोडेम लावलं. नंबर तिथेच. मी बाहेरून येणारी लाइनच काढायला लावली. आता नेट नाही, जगाशी संबंध नाही.

प्रश्न येतच होते.

"दीदी, तार में तो कुछ है ही नहीं," पियूष म्हणाला. पाणीही न पिता तो निघून गेला.

मग मी डब्याची वायर मोडेममधूनही उपटली. तिचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. उघडं. कशालाच न जोडलेलं.

डब्याच्या बाहेरच्या पायाचा हिरवा दिवा लुकलुकत होता...

जोडलेलं काही असल्याशिवाय तो दिवा लागत नाही. मी हातातल्या टोकाकडे पाहिलं. "कोण आहेस रे?" मी ओरडलेच. "समोर ये!"

तेवढ्यात पंखा मंदावला.

"बत्ती गेली," आई म्हणाली.

आणि मला आठवलं. इन्व्हर्टरच्या बोर्डावर तीनच जागा. एकीत मोडेम, एकीत वायफाय आणि तिसरीत बाबांच्या फोटोपुढचा लाल दिवा. तो आई काढू देत नव्हती, म्हणून डबा मी साध्या बोर्डावर लावला होता. आणि वीज गेली की हा डबा स्वतःला बाजूला करतो. आत एक खटका पडतो आणि दोन्ही पाय थेट जोडले जातात. का? तर नेट बंद पडू नये म्हणून. वा रे सोय!

टक्.

टॅब वाजला.

नेट नव्हतं. लाइन नव्हती. वायरीचं टोक माझ्या मुठीत होतं. आणि टॅबवर बाबांचा फोटो होता. आईनं फोन उचलला.

आधी नुसती खरखर...

मग बाबांचा आवाज. खोटं कशाला बोलू, त्यांचाच आवाज.

"दुर्गा. मी फाटकाशी आहे."

बाहेर फाटकाची कडी वाजली. खिडकीतून फाटक स्वच्छ दिसत होतं. तिथे कुणी नव्हतं.

डब्यातून वायफायकडे जाणारी दुसरी वायर उपटायला हवी होती. पण वायरीवरची माझी मूठ उघडेना.

आई उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी. पायात चपला नाहीत. दाराकडे एक पाऊल टाकलं तिनं.

"आई, नको!"

"दुर्गा," आवाज म्हणाला, "आत येऊ का?"

आई थांबली.

"काय म्हणालात?"

"आत येऊ का?"

तिनं पदरानं डोळे पुसले. तिचा चेहरा पाहिला आणि मला लहानपणी खाल्लेला मार आठवला.

"हे घर त्यांनी बांधलंय," ती टॅबला म्हणाली. "सारा जन्म चिखलाचे बूट घेऊन ते थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरले. मी ओरडायचे, ते हसायचे. एकदा विचारलं नाही त्यांनी, एकदा! तू कोण रे विचारणारा?"



ती फोटोकडे गेली. वर्षभर तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता, त्या लाल दिव्याची पिन तिनं स्वतः खस्सकन उपटली. त्या जागी डब्याची पिन खोचली.

डबा सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर रस्ता उघडाच असतो. तोवर तो आवाज विचारत राहिला. येऊ का... दुर्गा, येऊ का... शेवटी शेवटी तो बाबांचा राहिला नव्हता.

आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "नाही," ती दर वेळी म्हणाली. "नाही म्हटलं ना."

टक्.

टॅब बंद पडला. माझी मूठ सुटली.

त्या संध्याकाळी आईनं फोटोपुढे तेलाचं निरांजन लावलं आणि पोटभर जेवली.  मग मी न राहवून विचारलं, "आणि ते खरंच बाबा असले तर?"

"असले तर येतील की," ती म्हणाली. "त्यांना कुणाची परवानगी लागते?"

डबा आता इन्व्हर्टरवर आहे. मी पुण्याला परत गेले नाही. बाहेरच्या पायावर तो नंबर अजून आहे, अजून विचारतोय. काय आहे ते, मला माहीत नाही. परवापासून फक्त एक बदललंय...

तो आता आईच्या टॅबचा पत्ता विचारत नाही. ज्या लॅपटॉपवर मी हे लिहितेय, त्याचा विचारतो.

विचारू दे. हा डबा मी काढणार नाही. इन्व्हर्टरचा काय भरवसा, म्हणून बत्ती गेली की मी त्याच्या शेजारी जाऊन बसते, एवढंच.